दारात सडा नाही

२० नोव्हेंबर १९५५, रविवार

आक्का, गुडघे कसे? — “हायेत तसेच. तू इचारल्यानं बरे होतात काय!” ढवळ्या, खांद्याची सूज? — उतरली, हात चाटला माझा. कपिले, वासराला दूध पुरतं ना? — पुरतं. शेजारच्या चंदाबाई, दमा कसा आहे? — भिंतीपलीकडून खोकलाच आला, म्हणजे आहे. मी? मी बरा. एक दाढ दुखते, पण ती दहा वर्षांपासून दुखते, तिची चौकशी कोण करतो!

आणि गोजरा, तू?

तोंड भिंतीकडे. 

पोळ्यापासून हे असं आहे. तीन महिने झाले. कोणी मेलं नाही. काही हरवलं नाही. दोघी पोरी आपापल्या घरी सुखात, मोठी तर दिवाळीला येऊन गेली. भांडण नाही, ताप नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बायको उठली नाही, आणि तेव्हापासून उठलेलीच नाही. म्हणजे उठते — न्हाणीत जाते, दोन घास खाते, परत येऊन पडते. वैद्य म्हणाले, वात. शाळेचे मास्तर म्हणाले, अशक्तपणा, दूध द्या. आक्का, माझी थोरली बहीण, म्हणते, बाहेरचं आहे. मी काय म्हणू? मला काहीच म्हणता येत नाही, म्हणून ही वही.

शाळेत मी गेलो नाही. कापसाच्या गाड्या घेऊन जऊळक्याला जायचो. तिथल्या स्टेशनच्या पाटीवर चार अक्षरं होती, ती मांडीवर बोटाने गिरवत शिकलो. पुढची पुढे जमत गेली. तेव्हा वाटलं होतं, अक्षरं आली की सगळं सांगता येईल!

२१ नोव्हेंबर, सोमवार

आज पहाटेही आक्का उठायच्या आधी शेण कालवलं आणि दारात सडा टाकला. पुरुषाच्या जातीने असं लिहायला लाज वाटते, पण वहीशी कसली लाज.

आमच्या गावात ज्या दारात सकाळी सडा नसतो, त्या दाराशी लोक थांबतात. आवाज खाली आणून विचारतात — कोण गेलं? मयताच्या घरीच सडा बंद असतो. बत्तीस वर्षांत बाळंतपणं सोडली तर गोजराने एक दिवस चुकवला नाही. आता ती उठत नाही, आणि आक्काचे गुडघे वाकत नाहीत. मग? लोकांनी विचारावं आणि मी सांगावं, की कोणी गेलं नाही, पण जी आहे ती असून नसल्यासारखी आहे? नको रे बाबा. म्हणून तीन महिने मीच टाकतो. उजाडायच्या आत.

सडा जमला. रांगोळी काही जमत नाही. पाच ठिपके काढायला जातो, सहा होतात. सहावा अंगठ्याने पुसतो.

२३ नोव्हेंबर

गोजरा एक शब्द बोलली. “नोको.” कढीला.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

चंदाबाईने पकडलं! मी रांगोळीचं भांडं घेऊन उकिडवा बसलेलो, आणि ही बाई कुंपणाशी उभी.

“काहो भाऊजी, गोजराबाईचा हात बिघडला काय? रांगोळी हाये का कोंबडी चालून गेली?”

मी म्हटलं, तिचे डोळे कमी झाले आजकाल.

“आसं! डोये तिचे कमी झाले, अन हात तुमचे हिरवे झाले?”

पदर तोंडाला लावून हसली, इतकी की दम लागला तिला. मग गंभीर होऊन म्हणाली, “मी कोनाले नाई सांगत जा.” म्हणजे दिवेलागणीपर्यंत साऱ्या गावाला कळेल.

घरात आलो तर गोजरा जागी होती. सगळं ऐकलेलं असणार. मला वाटलं हसेल. पूर्वीची गोजरा असती तर महिनाभर तेच घेऊन बसली असती. डोळे मिटून घेतले तिने.

२७ नोव्हेंबर, रविवार

आसेगावहून शालिग्राम आला. गोजराचा धाकटा भाऊ. चौथी शिकलेला, दोन बैलजोड्या, बोलायला खडा. बहिणीला ‘बाई’ म्हणतो आणि तिच्यापुढे अजून पोरासारखा बसतो. माय लौकर गेली, गोजरानेच वाढवला त्याला.

तासभर तिच्या पायाशी बसला. ती त्याच्याशीही बोलली नाही. बाहेर आला तो मला म्हणाला —

“भाऊजी, माह्या मायले असंच झालं होतं. नदीपलीकडच्या देवाच्या ठान्यावर नेलं तिले. तिथं खांबाले बांधतात, एकवीस दिवस. धुपारा देतात. पार शांत होऊन आली माय. मी बाईले घेऊन जातो.”

“बांधतात म्हणजे?”

“बांधतात म्हंजे बांधतात. साखयीनं. कायले, तुमच्यापाशी दुसरा उपाव हाये?”

नव्हता. काय सांगणार होतो, मी सडा टाकतो म्हणून?

आक्का आतून म्हणाली, “बरोबर बोलून राह्यला तो. मारोता, तुह्यानं काई होनार नाई.” ठरलं. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे २८ डिसेंबरला, तो गाडी घेऊन येणार. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मान हलली माझी, ती कोणत्या दिशेने हलली ते मलाच माहीत नाही.

२९ नोव्हेंबर

तिला साखळीने बांधतील हे डोळ्यापुढून जात नाही. एक महिना आहे. एक महिन्यात ती आपली आपण उठली तर शालिग्राम कशाला नेईल? एवढाच विचार करतो.

म्हणून आराम! काडी उचलू देत नाही तिला. जातं आक्काकडे, चूल आक्काकडे, दूध मी काढतो, पाणी मी भरतो, तिची वेणीसुद्धा आक्का घालते — ओढून ओढून, पण घालते. परवा ती सुपाकडे हात नेत होती, मी धावत जाऊन सूप घेतलं. “राहू दे, मी हाये ना.” तिने हात मांडीवर ठेवले. किती वेळ ठेवले होते ते मी पाहिलं नाही.

१ डिसेंबर

काही नाही. कालच्यासारखंच.

३ डिसेंबर, शनिवार

कापूस वेचायला तांड्यावरच्या बाया आहेत. जमनाबाई त्यांची म्होरकी. माझ्याच वयाची असेल, घागऱ्यावर आरसेच आरसे, तोंडही तसंच लखलखीत. दुपारी भाकरी खायला बसलो तर सरळ विचारलं तिने —

“दादा, बायको कैसी हाये?”

का कोण जाणे, तिला सगळं सांगितलं. गावात कोणाला नाही सांगितलं ते. सड्याचंही. मला वाटलं हसेल. ती हसली नाही, भाकरीचा तुकडा हातातच राहिला तिच्या.

“म्हंजे ते झाडत नाई, दयत नाई, शिजवत नाई. सडाबी तुमीच टाकता.”

“हो. आराम मिळावा म्हणून.”

“आराम! हात कुठं ठेवंल ते बिचारी? समदं काढून घेतलं तुमी तिच्या हातातून. मेलेल्या मानसाचं काढतात तसं.”

मला राग आला. म्हटलं, तुला काय कळतं? तर म्हणाली, कळतं. तिचा मोठा मुलगा गेला त्या साली ती चार महिने पडून होती. मग तिच्या सासूने रोज सकाळी एक सुई ओवून हातात द्यायला सुरुवात केली. एक दोरा. तेवढ्याचं शिवायचं, दोरा संपला की कापड गुंडाळून ठेवायचं.

“जास्त नाई, दादा. बरं वाटलं त्या दिशीबी जास्त नाई. बरं वाटलं म्हून एकदा दहा दोरे टाकले म्या, तं पुढचे आठ दिस उठली नाई.”

“मग बरी कधी झालीस?”

“बरी कुठं झाली? अजूनबी एक दोरा टाकते रोज.” आणि ओच्यातला कापूस सारखा करत उठली.

घरी आल्यावर अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून राहिलो. तीन महिने मी बायकोला मदत करत होतो की तिची जागा पुसत होतो?

४ डिसेंबर, रविवार

आज सडा टाकला नाही.

पहाटे जाग आली, हात शिवशिवले, पण पडून राहिलो. उजाडलं. दार कोरडं. धुळीत कालच्या रांगोळीची पांढरी राख तेवढी.

पहिली चंदाबाई. कुंपणाशी आली, दाराकडे पाहिलं, आणि — अरे देवा! — मोठ्याने गळाच काढला तिने. “अवो गोजराबाई! अशी कशी गेली व माय!” मी धावलो, म्हटलं, अहो नाही, नाही! पण रडणं सुरू झालं की ते ऐकायला कान राहत नाहीत. चार बाया जमल्या. दोन माणसं डोक्याचं फडकं काढून उभी. कोणी विचारलं, “केव्हा झालं?” आक्का आतून ओरडली, “मारोत्या, आता भोग!”

तेवढ्यात आतून गोजरा आली. चौकट धरून उभी राहिली. केस सुटलेले, पदर खांद्यावर. चंदाबाईचा गळा असा बंद झाला जसा कोणी बोळा घातला.

“कोनी नाई मेलं,” गोजरा म्हणाली. “जा.”

आणि आत जाऊन पडली.

तीन महिन्यांतलं तिचं सगळ्यांत मोठं वाक्य. पण संध्याकाळी भाकरीही खाल्ली नाही तिने. आक्का माझ्याशी बोलत नाही. मी बायकोला जिवंतपणी साऱ्या गावापुढे मयत केलं. जमनाबाईचं ऐकायला नको होतं.

५ डिसेंबर, सोमवार

तरी आजही टाकला नाही. का, सांगता येत नाही. हट्ट असेल.

आक्का गुडघे धरत बालटी घेऊन निघाली. मी बालटी धरली. “सोड!” “नाही सोडत.” “लाज सोडली तं बालटीबी सोड!” शेण दोघांच्या अंगावर. आक्का रागाने चंदाबाईकडे जाऊन बसली.

ऊन कडुलिंबाच्या बुंध्यापर्यंत आलं तेव्हा पावलं वाजली. गोजरा. सांडून राहिलेलं पाणी बालटीत होतं, त्यातला एक तांब्या भरला तिने. उंबऱ्याबाहेर ओतला. नीट शिंपलाही नाही, नुसता ओतला. चटईएवढी जागा ओली झाली. मग तिथेच पायरीवर टेकली, दम लागल्यासारखी.

मला रडू आलं. मी उड्याच मारल्या म्हणायला हरकत नाही! आक्काला हाक मारली, चंदाबाईला बोलावलं, डब्यातला गूळ काढून दहा घरी वाटला. “माह्या गोजरानं आज सडा टाकला!” शालिग्रामला कार्ड लिहायचं, येऊ नको म्हणून, हेही ठरवून टाकलं मनात.

६ डिसेंबर

उठली नाही.

७ डिसेंबर

उठली नाही. तोंडावर पांघरूण. काल चंदाबाई आली होती तिला “शाबास” म्हणायला.

८ डिसेंबर, गुरुवार

शेतात जमनाबाईला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

“गूळ वाटला? दादा, तिनं तांब्याभर पानी ओतलं, अन तुमी बारसं केलं! आता उद्या तिले उठाव म्हटलं तं बालटीभर टाकाव लागंल. कायनं टाकंल?”

खरं होतं. तिने तांब्याभर दिलं आणि मी ते लोकांना बालटीभर करून दाखवलं.

कार्ड लिहिलेलं नव्हतं, तेवढं बरं.

१० डिसेंबर, शनिवार

आता पुन्हा. आक्काला हात जोडून सांगितलं — सडा राहू दे. लोक म्हणोत. दाराशी रिकामा तांब्या आणि पाण्याची बालटी ठेवतो, बोलत काही नाही. आज तिने ओतला. मी कडब्याकडे पाहत होतो, जसं काही झालंच नाही. फार अवघड गेलं!

आणखी एक जमलं. “कसं वाटतं?” हे विचारणं बंद. त्या प्रश्नाला ती आणखी आत जाते, गोगलगाईसारखी. त्याऐवजी स्वयंपाकघरातून ओरडतो, “गोजरा, वरणात मीठ किती चिमट्या?” ती बोटं दाखवते. दोन. कधी तीन. आज आक्का म्हणाली, “चाळीस वर्सं सैपाक केला म्या, मले मीठ नाई समजत काय?” मी डोळा मारला. तिला कळलं की नाही कोण जाणे, पण तिने त्यानंतर मीठ स्वतः घातलं नाही, वाटी धरून उभी राहिली.

१३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी तांब्या. नंतर ओट्यावर ऊन असेपर्यंत बसते. सावली पायाला लागली की आत. जास्त बस म्हणत नाही मी.

आज डोक्याला तेल लावून घेतलं. स्वतः. आक्काच्या हाताने नाही.

आणि आज ती बोलली! मी तिच्याशेजारी दोर वळत बसलो होतो. समोर बघत म्हणाली, “तुमची रांगोयी पाहून चंदाबाईचं कुत्रं भुके.”

मी एवढंच म्हटलं, “हो, भुकत होतं खरं.” गूळ नाही, उड्या नाही. गोठ्यात जाऊन मात्र ढवळ्याच्या मानेत तोंड घालून हसलो.

पंधरा दिवस आहेत पौर्णिमेला.

१६ डिसेंबर, शुक्रवार

आज लिहवत नाही. तरी लिहितो.

सकाळी तांब्या ओतला तिने. मी शेताकडे गेलो. दुपारी आक्का धापा टाकत आली, त्या गुडघ्यांनी, शेतापर्यंत. “गोजरा विहिरीवर हाये. घागर नाई नेली तिनं.”

किती धावलो माहीत नाही. ती काठावर उभी होती. मी हाक मारली नाही, मागून जाऊन दंड धरला. तिने वळून पाहिलं.

“पानी पाहून राह्यली होती,” म्हणाली. लहान मुलीसारखी. “तुमी कायले धावले?”

घरी आणली. हात सोडला नाही. तिला झोप लागल्यावर आक्का म्हणाली, “मारोता, तू तांब्या अन मीठ मोजत बस. विहीर काही थांबत नाई.”

तिचं बरोबर आहे. काय करतोय मी? तांब्याभर पाण्याने माणूस राहतो का? निदान तिथे बांधून ठेवतील, विहिरीवर जाऊ देणार नाहीत.

शालिग्रामला कार्ड लिहिलं — ठरल्याप्रमाणे ये. घेऊन जा. माझ्याने होत नाही.

पोस्टाच्या पेटीत टाकून आलो.

१७ डिसेंबर, शनिवार

तिने सकाळी तांब्या ओतला.

कालच्या त्या दिवसानंतरही! मी डोळे फाडून पाहत राहिलो. तिने पाणी ओतलं, तांब्या उपडा ठेवला, उन्हात बसली. मी तिला न राहवून विचारलं, “आज कशी उठलीस?”

उपड्या तांब्याकडे पाहिलं तिने. मग, “उठली नाई. पाय खाली ठेवले. मंग तांब्या होता.”

लगेच जऊळक्याला गेलो. पोस्टात हात जोडले, कार्ड परत द्या. बाबू म्हणाला, “पाटील, कार्ड कालच्याच गाडीनं गेलं. पेटीत टाकलं ते सरकारचं झालं.” स्टेशनवर बसून राहिलो. दुसरं कार्ड घेतलं, हातात धरलं. काय लिहू? येऊ नको? आणि उद्या ती पुन्हा पाणी पाहायला गेली तर?

कोरंच कार्ड खिशात घालून आलो.

२० डिसेंबर

तांब्या. मीठ दोन. ऊन. जेवली अर्धी भाकर.

दिवसभर तिच्या मागे मागे फिरतो. तिला कळतं. “शेतात जा,” म्हणाली. गेलो, वाटेतून परत आलो.

२२ डिसेंबर

तांब्या नाही. मीठ नाही. पडून.

२३ डिसेंबर

तांब्या. कालचं काहीच बोलली नाही. मीही नाही.

तिला शालिग्रामच्या येण्याचं अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही. रोज ठरवतो, सावली पायाला लागायच्या आत सांगू. सावली लागते.

२६ डिसेंबर, सोमवार

शालिग्राम आला. दोन दिवस आधीच, दमणी घेऊन — टपाची बैलगाडी, आत गादी अंथरलेली. खिशातलं माझं कार्ड काढून सगळ्यांसमोर दाखवलं, “भाऊजीनंच बलावलं.” गोजराने ते कार्ड पाहिलं. तिला वाचता येत नाही. पण माझं अक्षर ओळखते ती.

माझ्याकडे एकदा पाहिलं. फक्त एकदा.

आक्काने शालिग्रामसाठी पुरण घातलं होतं. त्याने अर्धी पोळी ताटात ठेवली. प्रवासाने दमला म्हणाला. बारा कोस म्हणजे थोडं आहे का.

२७ डिसेंबर, मंगळवार

सकाळी तिने तांब्या ओतला. शालिग्राम पाहत होता. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं — तांब्या, मीठ, ऊन, जमनाबाई. तो हसला. वाईट नाही, थकलेलं हसला. “भाऊजी, पान्यानं ओसरी धुतल्या जाते. दुखनं नाई धुतल्या जात.”

दुपारी गोजरा आपण होऊन त्याच्यासमोर येऊन बसली.

“शाल्या, माय गेली तवा तू चार वर्साचा. मी अकराची. तिथून आली ते माय तुले आठवते.”

“हो. शांत बसे.”

“मले त्याच्या आदीची आठवते. कडाकडा भांडे. पोया लाटता लाटता गाये. माही वेनी घालताना गालगुच्चा घेये. तिथून जे आनली, तिले ऊठ म्हटलं का उठे, बस म्हटलं का बसे. सा महिन्यानं गेली. लोक म्हनत शांत झाली.” थांबली. श्वास घेतला. एवढं ती पोळ्यापासून बोलली नव्हती. “माय तिथून परत आलीच नाई, शाल्या.”

शालिग्रामचं तोंड पांढरं झालं. आक्काचा हात पिठात तसाच राहिला.

“मंग काय करू मी?” तो एकदम ओरडला. “असंच पडून राहाचं? रोज? जिंदगीभर?”

“मी नाई येत.”

“गाडी उद्या जुपनार म्हंजे जुपनार!”

आता मी बोलायचं होतं. मारोतराव, नवरा, घरचा कर्ता! तोंड उघडलं. पण कार्ड माझंच होतं. “माझ्याने होत नाही,” असं माझ्याच हाताने लिहिलेलं.

ती उठून आत गेली. तिचं लुगडं आक्काने गाठोड्यात बांधलं आहे. उद्या पौर्णिमा.

३ जानेवारी १९५६, मंगळवार

गाडी जुपली नाही.

पौर्णिमेच्या सकाळी गोजरा गोठ्याकडे गेली, मी मागे. शालिग्राम दमणीत बसलेला, गुडघे पोटाशी घेऊन. ती म्हणाली, “मी नाई येत.” तो म्हणाला, “माहीत हाये.” मग मान वर न करता — “बाई, मलेच जाचं होतं. दिवाळीपासून सकाळी उठवत नाई मले. तू संगं असती तं लोक म्हनले असते, बहिनीले घेऊन गेला. एकट्याची हिंमत नाई झाली.”

मी तिथेच खाली बसलो. ओट्याची पायरी जिला जड, ती गोजरा चाकावर पाय देऊन दमणीत चढली आणि त्याच्याजवळ बसली.

पाच दिवस राहून तो काल आसेगावला गेला. घरी. आज तिने मला कार्ड घेऊन बसवलं. मी नमस्कार-चमत्काराने सुरुवात केली, तर म्हणाली, “तेवढं कायले? मी म्हनते तेवढंच लिवा.” तेवढंच लिहिलं. इथे उतरवून ठेवतो —

शाल्या, सकाळी उठून जे एक काम केलं ते लिहून पाठव. उठला नाही तर उठलो नाही म्हणून लिही. पण लिही. तुझ्या कार्डाची वाट पाहते, उत्तर लवकर टाक.